बाळाचे क्रोशाचे बूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीला निवडीचे प्रश्न आहेत, मध्ये प्रत्यक्ष विणकाम, आणि शेवटी अडचणी व अपवाद. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळी मापं मिलिमीटर आणि सेंटिमीटरमध्ये आहेत.

१. क्रोशाची सुई आजवर हातात धरलेली नाही. पहिलंच काम म्हणून बूट जमतील का?

जमतील, पण आधी दोन-तीन दिवस साखळी आणि मुका खांब (क्रोशाचा साधा, बुटका टाका) यांचा सराव करा. बूट लहान असल्यामुळे एक जोड दोन-तीन बैठकांत पूर्ण होतो आणि चूक झाली तर फार उसवावं लागत नाही. अवघड भाग एकच, तो म्हणजे गोल विणताना टाके मोजणं. सरळ पट्टीत एखादा टाका गळला तर कड थोडी तिरकी होते. बुटात तो गळला तर पंजा एका बाजूला वळतो. त्यामुळे १५ टाके रुंद आणि १५ ओळी उंच असा चौकोन विणून बघा. शेवटच्या ओळीतही १५ टाके भरले, तर तुम्ही बुटाला तयार आहात.

२. सुई कितीची घ्यावी? प्रत्येक ठिकाणी वेगळाच नंबर दिसतो.

नंबर सोडा, मिलिमीटर बघा. मध्यम-बारीक लोकरीच्या (डीके जाडीच्या) बुटांसाठी ३.५ मिमी ही सुई घ्या. अमेरिकी पद्धतीत तिच्यावर ‘ई-४’ लिहिलेलं असतं आणि जुन्या ब्रिटिश पद्धतीत ९, सुई मात्र तीच. गोंधळ वाढतो तो अशामुळे की जुन्या ब्रिटिश क्रमांकांत आणि बारीक दोऱ्याच्या पोलादी सुयांत आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक असते. अमेरिकी अक्षरांच्या सुयांत नेमकं उलटं आहे.

वेष्टनावर डीके लोकरीसाठी बहुधा ४ मिमी किंवा त्याहून जाड सुई सुचवलेली असते. ती सूचना शाल-स्वेटरसाठी ठीक आहे, कारण तिथे वीण लवचीक हवी. बुटाची वीण दाट हवी, नाहीतर बाळाची बोटं टाक्यांतून बाहेर डोकावतात. म्हणून अर्धा मिमी बारीक.

धातूच्या सुईवर लोकर झरझर सरकते, बांबूच्या सुईवर थोडी अडते. नवशिक्याला ते अडणं उपयोगी पडतं, कारण टाका सुईवरून निसटत नाही. हात दुखत असेल तर रबरी मुठीची सुई घ्या. सुईचं टोक मात्र गुळगुळीत असलं पाहिजे. त्यावर जरा जरी खरखर असली तरी लोकरीचे पदर फाटतात.

३. लोकर घ्यावी की सुती दोरा? की अ‍ॅक्रिलिक?

तिन्ही चालतात, पण तिघांचं वागणं वेगळं.

सुती दोरा थंड राहतो, घाम शोषतो आणि टोचत नाही. त्याला ताण मात्र नसतो. एकदा सैल झालेला घोटा सैलच राहतो आणि बूट निसटतो. सुती बूट अर्धा टाका घट्टच विणावेत आणि घोट्याला नाडी ठेवावी.

अ‍ॅक्रिलिक हलकं, धुवायला सोपं आणि नवशिक्याला सोसणारं असतं. कितीही वेळा उसवा, तक्रार करत नाही. पण घाम शोषत नाही. स्वस्त अ‍ॅक्रिलिक घासलं की करकरतं, ते बाळासाठी नको. मऊ, बाळाच्या कपड्यांसाठी केलेलं अ‍ॅक्रिलिक बरं.

मेंढीची लोकर ऊबही देते आणि ताणून पुन्हा जागेवरही येते, त्यामुळे बूट पायावर सगळ्यात चांगला बसतो तो लोकरीचाच. ती मेरिनोसारखी बारीक तंतूंची हवी, कारण जाड तंतूंची टोकं त्वचेला टोचतात. आणि ‘सुपरवॉश’ लिहिलेली हवी. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि वीण आकसून नमद्यासारखी घट्ट होते. सुपरवॉश प्रक्रियेत हे खवले बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. बाळाचे कपडे कोण, कधी, कसे धुवेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून भेट द्यायच्या बुटांसाठी साधी लोकर वापरू नका.

मोहेर, अंगोरा, लांब केसाळ लोकर आणि जरीचा धागा असलेली लोकर बाळासाठी कितीही गोड दिसली तरी घेऊ नका. केसाळ तंतू गळतात आणि बाळ पाय तोंडात घालतंच. जरीचा धागा टोचतो.

४. गुंड्यावर ‘बेबी’ लिहिलंय, म्हणजे निर्धास्त घ्यावा ना?

नाही. ‘बेबी’ हा शब्द कधी जाडी सांगतो, कधी नुसते फिके रंग. मऊपणाची हमी त्यात नाही. गुंडा गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट धरा. तिथे खाजलं तर बाळालाही खाजेल. वेष्टनावर ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ असेल तर त्यातला वर्ग पहिला हा तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी असतो, आणि हानिकारक रसायनांच्या मर्यादा त्यात सगळ्यात कडक असतात. ही खूण रसायनांबद्दल बोलते, धागा किती मऊ आहे याबद्दल नाही.

५. वेष्टन हरवलेली लोकर घरात आहे. ती कशाची आणि किती जाड हे कसं ओळखायचं?

जाडीसाठी ती एका पट्टीवर न ताणता, वेढे एकमेकांना जेमतेम टेकतील असे गुंडाळा. अडीच सेंटिमीटरमध्ये (एका इंचात) ११ ते १४ वेढे बसले तर ती साधारण डीके जाडीची आहे. ‘चार पदरी’, ‘आठ पदरी’ या शब्दांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. बारीक आठ पदर जाड चार पदरांपेक्षा पातळ असू शकतात.

तंतूसाठी पाच सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून पेटवा. मेंढीची लोकर जळक्या केसांचा वास देते आणि तिची राख बोटांत चुरा होते. सूत जळक्या कागदासारखं वास देतं, राख मऊ राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो; तो गरम असताना हात लावू नका. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. लोकर सुपरवॉश आहे का, हे मात्र जळण्यावरून कळत नाही. त्यासाठी छोटा तुकडा विणून गरम पाण्यात साबणाने चोळून बघा.

६. एका जोडाला किती लोकर लागते?

९ सेंटिमीटर तळव्याच्या आखूड घोट्याच्या जोडाला डीके लोकर २० ते ३० ग्रॅम. ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरतो आणि दुरुस्तीपुरता उरतोही. पहिला बूट झाला की तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. उरलेली लोकर त्याहून दोन-तीन ग्रॅम जास्त असेल तर दुसरा नक्की होईल. दोन गुंडे घ्यायचे असतील तर वेष्टनावरचा रंगाच्या घाण्याचा क्रमांक, म्हणजे डाय लॉट, एकच असू द्या. दुकानात सारखे वाटणारे दोन गुंडे जोडावर शेजारी आले की फरक ओरडून सांगतात.

७. सुईशिवाय काय काय लागतं?

मोठ्या नेढ्याची बोथट सुई (टोकं ओवायला), छोटी टोकदार कात्री, मोजपट्टी आणि खुणेच्या दोन पिना. पिना नसतील तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा चालतो, पण खूण हवीच. सेफ्टी पिन वापरत असाल तर काम बाळाच्या हाताशी ठेवू नका आणि शेवटी पिना मोजून डबीत टाका.

८. बाळ अजून जन्मायचं आहे, किंवा दूर आहे. माप कोणतं धरू?

तळव्याची लांबी धरा : ० ते ३ महिने ९ सेंमी, ३ ते ६ महिने १० सेंमी, ६ ते १२ महिने ११ ते १२ सेंमी. ही ठोकळमानं आहेत, बाळागणिक अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे. शंका असेल तर मोठं माप घ्या. मोठा बूट महिन्याभराने येतो, लहान मात्र कधीच येत नाही. बाळ जवळ असेल तर झोपेत त्याची टाच ते अंगठा मोजा आणि त्यात अर्धा सेंटिमीटर मिळवा.

९. इंग्रजी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ लिहिलंय. तो मुका खांब की खांब?

नमुना कुठला आहे त्यावर ठरतं, आणि बूट भलत्याच मापाचा होण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. अमेरिकी ‘सिंगल’ म्हणजे ब्रिटिश ‘डबल’, म्हणजेच आपला मुका खांब. अमेरिकी ‘हाफ डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘हाफ ट्रेबल’, आपला अर्धा खांब (उंचीला मुका खांब आणि खांब यांच्या मधला). अमेरिकी ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’, आपला खांब. नमुन्यात कुठेही ‘सिंगल’ आलं की तो अमेरिकी. ‘मिस’ आणि ‘टेन्शन’ हे शब्द दिसले तर ब्रिटिश, ‘स्किप’ आणि ‘गेज’ दिसले तर अमेरिकी.

१०. नमुन्याआधी चौकोन विणून मोजायलाच हवा का? बूट तर एवढासा!

एवढासा आहे म्हणूनच. मोठ्या शालीत दोन सेंटिमीटरचा फरक कुणाला दिसत नाही. बुटात एक सेंटिमीटर म्हणजे एक अख्खं माप. १४ मुके खांब रुंद आणि १२ ओळी उंच तुकडा विणा, आणि कडा सोडून मधले १० टाके मोजा. ते ५ सेंमी भरले पाहिजेत. ४.५ भरले तर ९ सेंटिमीटरचा तळवा जेमतेम ८.१ होईल : सुई ४ मिमी घ्या. ५.५ भरले तर ३ मिमी घ्या. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करू नका, चार ओळींनंतर तो आपल्या सवयीवर परत येतोच.

११. ९ सेंटिमीटरच्या साध्या बुटाचा पूर्ण नमुना द्याल का?

डीके लोकर, ३.५ मिमी सुई, माप प्रश्न १० प्रमाणे. प्रत्येक फेरी पहिल्या टाक्यात स्लिप स्टिच (लोकर टाक्यातून ओढून थेट सुईवरच्या फासातून काढणं) करून बंद करा आणि पुढची फेरी १ साखळीने सुरू करा. ती साखळी टाका म्हणून मोजायची नाही. फेरीचा पहिला टाका त्याच टाक्यात येतो जिथे स्लिप स्टिच केली.

तळवा : १३ साखळ्या घाला.

फेरी १ : सुईपासून दुसऱ्या साखळीत १ मुका खांब, पुढच्या १० साखळ्यांत एकेक, शेवटच्या साखळीत ४. आता काम न उलटता साखळीच्या दुसऱ्या कडेने १० मुके खांब, आणि सुरुवातीच्याच साखळीत आणखी २. एकूण २७.

फेरी २ : पहिल्या टाक्यात २ मुके खांब. ५ मुके खांब, ५ अर्धे खांब. पुढच्या ४ टाक्यांत प्रत्येकी २ अर्धे खांब (हा पंजा). ५ अर्धे खांब, ५ मुके खांब. शेवटच्या २ टाक्यांत प्रत्येकी २ मुके खांब. एकूण ३४.

फेरी ३ : एका टाक्यात १ आणि पुढच्यात २ मुके खांब. ५ मुके खांब, ५ अर्धे खांब. पंजाच्या ८ टाक्यांवर ‘एकात १, पुढच्यात २’ असं चार वेळा, अर्ध्या खांबांनी. ५ अर्धे खांब, ५ मुके खांब. टाचेच्या ४ टाक्यांवर ‘एकात १, पुढच्यात २’ असं दोन वेळा, मुक्या खांबांनी. एकूण ४१. इथे तळवा मोजा. ९ सेंमी नसेल तर पुढे जाऊ नका.

कड : फेरी ४, टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात एकेक मुका खांब, ४१. यामुळे तळवा आणि कड यांच्यात स्पष्ट घडी पडते. फेरी ५ आणि ६ : नेहमीसारखे दोन्ही धाग्यांतून ४१ मुके खांब.

पंजा : फेरी ७, १३ मुके खांब, मग दोन-दोन टाके एकत्र करून ६ घटवण्या, मग १६ मुके खांब, एकूण ३५. फेरी ८ : १०, मग ६ घटवण्या, मग १३; एकूण २९. फेरी ९ : ९, मग ४ घटवण्या, मग १२, एकूण २५.

घोटा : फेरी १०, ३ साखळ्या (हा पहिला खांब), १ साखळी, १ टाका सोडा, मग ‘१ खांब, १ साखळी, १ टाका सोडा’ असं अकरा वेळा, आणि उरलेल्या शेवटच्या टाक्यात १ खांब. तिसऱ्या साखळीत जोडा. नाडीसाठी १२ जाळ्या तयार होतात. फेरी ११ ते १३ : प्रत्येक खांबात आणि प्रत्येक जाळीत एकेक अर्धा खांब, २५. २० सेंमी टोक ठेवून लोकर कापा.

उजवा-डावा वेगळा नाही, दोन्ही बूट असेच.

१२. टाके मोजून बरोबर भरतात, तरी तळवा वाटीसारखा वर येतो. का?

टोकांचे टाके फार घट्ट पडले आहेत, किंवा टाचेकडचे मुके खांब नकळत अर्धे खांब झाले आहेत. उलट, तळव्याची कड लाटांसारखी होत असेल तर सुई जाड आहे किंवा कुठेतरी जास्तीची वाढ झाली आहे. पहिल्या फेरीनंतरचा किंचित उंचवटा ओला करून पालथा दाबला की बसतो. तिसऱ्या फेरीनंतरही वाटी टेबलावर टेकत नसेल तर उसवा, कारण पुढच्या फेऱ्या ती वाटी आणखी खोल करतील.

१३. प्रत्येक फेरीत एक टाका कमी किंवा जास्त होतो.

चूक जवळपास नेहमी फेरीच्या सांध्यावर असते. स्लिप स्टिच स्वतः टाक्यासारखी दिसते, आणि पुढच्या फेरीत तिच्यात सुई घातली की एक टाका वाढतो. किंवा फेरीचा पहिला टाका स्लिप स्टिचच्या जागी न येता एक जागा पुढे गेला की एक कमी होतो. पहिल्या टाक्याच्या माथ्यात पिन अडकवा आणि फेरी फक्त पिनेच्याच टाक्यात बंद करा. सांधा फेरीगणिक थोडा एका बाजूला सरकताना दिसेल. तो टाचेकडे असल्यामुळे काही बिघडत नाही.

१४. कड उभी राहिली की सुलटी बाजू आत जाते. काही चुकलं का?

नाही, फक्त वाटी उलटी वळली आहे. मुक्या खांबाच्या सुलट्या बाजूला ‘व्ही’सारखे टाके ओळीने दिसतात, उलट्या बाजूला त्यांच्यावर छोटी आडवी रेघ असते. चौथ्या फेरीनंतर बूट मोज्यासारखा पालटून ‘व्ही’ बाहेर आणा आणि बाहेरची बाजू आपल्याकडे ठेवून पुढे विणा.

१५. पंजावर घटवण्यांच्या जागी भोकं पडतात.

साध्या घटवणीत दोन टाक्यांचे चारही धागे उचलले जातात आणि गाठ पडून शेजारी फट राहते. त्याऐवजी पहिल्या टाक्याचा फक्त पुढचा धागा, लगेच दुसऱ्याचा फक्त पुढचा धागा सुईवर घ्या, लोकर ओढून दोन्हींतून काढा आणि मुका खांब पूर्ण करा. हा टाका शेजाऱ्यांत मिसळून जातो. उलट्या बाजूने विणत असाल तर मात्र ही युक्ती लागू नाही.

१६. दुसरा बूट पहिल्यापेक्षा लहान झाला!

हात दिवसागणिक बदलतो. दमलेला हात घट्ट विणतो, टीव्हीपुढचा सैल. म्हणून दोन्ही तळवे एकाच बैठकीत करा, मग दोन्ही कडा, मग दोन्ही पंजे. गुंड्याचं आतलं आणि बाहेरचं अशी दोन टोकं घेतली की दोन सुयांवर हे सहज होतं. झालेल्या जोडात फरक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर दोन्ही ओले करून, समान मापाचा कापूस किंवा कापड भरून सुकवा. त्याहून जास्त असेल तर लहान बूट उसवावा लागेल.

१७. मोठ्या मापासाठी कुठे काय वाढवायचं?

सुरुवातीच्या साखळीत वाढवलेली प्रत्येक साखळी तळव्याला अर्धा सेंटिमीटर लांब करते आणि प्रत्येक फेरीत २ टाके वाढवते. १० सेंमीसाठी १५ साखळ्या घाला. दोन्ही बाजूंना १० ऐवजी १२ टाके (६ मुके, ६ अर्धे) येतील आणि तिन्ही फेऱ्यांची बेरीज ३१, ३८, ४५ होईल. फेरी ७ : १५, ६ घटवण्या, १८ (३९ उरतात). फेरी ८ : १२, ६ घटवण्या, १५ (३३). फेरी ९ मध्ये चारऐवजी सहा घटवण्या : ९, ६ घटवण्या, १२ (२७). घोट्याला जाळ्या १३ होतील, म्हणजे ‘अकरा वेळा’च्या जागी ‘बारा वेळा’.

११ सेंमीसाठी हेच आकडे ४ मिमी सुईवर विणा, १० सेंमीत १८ टाके भरतील असे. नुसत्या साखळ्या वाढवत गेलात तर बूट लांबतो पण रुंद होत नाही, आणि त्या वयाचा पाय गुबगुबीत असतो.

१८. बाळ दोन मिनिटांत बूट काढून टाकतं. काय करू?

आधी बघा, बूट लांब आहे का. पंजापुढे एक सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा असेल तर काहीही केलं तरी तो निघणारच. लांबी ठीक असेल तर घोटा उंच करा : जाळीच्या फेरीवर तीनऐवजी सात-आठ फेऱ्या. त्यातही ताण हवा असेल तर उठावाच्या खांबांची पट्टी करा, म्हणजे एक खांब खालच्या खांबाच्या देठाभोवती पुढून आणि पुढचा मागून. त्यासाठी टाके सम लागतात, तेव्हा २५ पैकी एक टाका टाचेकडे घटवून २४ करा. रबर ओवू नका; बाळाच्या घोट्यावर वळ पडतात आणि ते सांगू शकत नाही.

१९. नाडी, बटणं, मणी, घुंगरू यांपैकी काय लावलेलं चालतं?

नाडी चालते, पण मागच्या मधल्या जाळीला दोन-तीन टाक्यांनी शिवून टाका म्हणजे ती ओढून काढता येणार नाही. ८० साखळ्यांची नाडी पुरते. बो बांधल्यावर लोंबणारी टोकं बोटभरच राहू द्या.

बटण, मणी, मोती, घुंगरू नको. लहान मुलांच्या खेळण्यांची चाचणी करताना ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची धरतात. बुटावरचं कुठलंही बटण त्यात आरामात मावतं. दोरा पक्का असला तरी लाळेने आणि धुण्याने तो झिजतो. शोभा हवी असेल तर लोकरीचंच सपाट फूल विणून कडेने पूर्ण शिवा. गोंडा लावू नका, त्याचे तंतू सुटतात.

२०. आतली टोकं कशी लपवायची? आतून कोण बघतंय?

बाळाची बोटं बघतात. बुटात ज्या बाजूची सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी ती ही आतली बाजू. सुटा धागा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, पाय हलेल तसा आवळतो आणि बोटाचा रक्तपुरवठा अडू शकतो. बाळ कारण नसताना रडत असेल तर बूट-मोजे काढून प्रत्येक बोट बघा. बोट लाल किंवा निळसर, सुजलेलं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

म्हणून गाठ मारून टोक कापू नका. गाठ टोचते आणि सुटतेही. बोथट सुईत टोक ओवून ते वीणेच्या जाडीतून एका दिशेने ५ सेंमी न्या, एक टाका सोडून उलट दिशेने परत आणा, मग तिसऱ्यांदा थोडं. वीण ताणून बघा, आणि मगच वीणेलगत कापा. दोन रंगांची नक्षी करत असाल तर आतून लांबत जाणारे मोकळे धागे राहू देऊ नका. न विणला जाणारा रंग टाक्यांच्या पोटात घेऊन पुढे न्या, किंवा सरळ आडवे पट्टे करा. शेवटी बूट उलटा करून आतून बोट फिरवा. तुमचं बोट कुठेही अडकलं नाही तरच बूट तयार.

२१. झोपताना बूट घातले तर चालतात?

नाडीचे बूट झोपेआधी काढा. बाळाचे हातपाय थोडे गार लागणं नेहमीचंच आहे. ऊब पुरेशी आहे का हे छातीला किंवा मानेला मागून हात लावून बघा. तिथे घाम असेल तर बूट जास्तीचेच आहेत.

२२. अकाली जन्मलेल्या बाळासाठी विणायचे आहेत. फक्त लहान करू?

लहान करणं सोपं आहे, पण आधी बाळाची काळजी घेणाऱ्या परिचारिकांना विचारा. अशा बाळाच्या पायाला अनेकदा प्राणवायू मोजणारी पट्टी लावलेली असते आणि त्या पायात बूट घालता येत नाही. परवानगी असेल तर मऊ सुती दोरा, सपाट वीण, नाडी नाही आणि घोटा मागून उघडा, असा बूट करा. गरम पाण्यात धुता येईल असा. फुलं-बिलं काही नको.

२३. बाळ उभं राहायला लागलं. हेच बूट चालतील?

फरशीवर नाही. विणलेला तळवा घसरतो, आणि पाय ठेवताना बोटांना जमिनीची जाणीव लागते. घरात अनवाणी चालणं उत्तम. बूट घालायचेच असतील तर तळव्याला मऊ चामडं शिवा किंवा न घसरणाऱ्या रबरी लेपाचे ठिपके देऊन वेष्टनावर दिलेला वेळ पूर्ण सुकू द्या.

२४. धुवायचे कसे? भेट देताना काय सांगू?

कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट सुकवायचं. सुती बूट ओले असताना जड होतात, टांगले तर लांबतात. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावू नका : उष्णतेने तंतू मऊ पडून वीण चपटी, लुळी होते, आणि ती पूर्ववत होत नाही. गडद रंग असेल तर आधी ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून बघा; रंग उतरला तर तो धागा बाळासाठी नाही. भेट देताना वेष्टनाची पट्टी आणि त्याच लोकरीचा दोन-तीन मीटरचा तुकडा सोबत द्या. आणि आधी एकदा धुऊनच द्या.

२५. आकसलेला लोकरीचा बूट परत मोठा होईल का?

थोडा आखडला असेल तर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा, हलकेच ताणा आणि आत कापड भरून सुकवा. टाके वेगळे दिसेनासे झाले असतील तर तो नमदाच झाला, परत येत नाही.

२६. मी डावखुरी आहे. नमुना उलटा वाचायचा का?

नाही, जसाच्या तसा वाचा. तुमची फेरी उलट दिशेने जाते, पण टाक्यांचा क्रम तोच राहतो आणि बुटाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे पंजा मधोमधच येतो. फक्त चित्रं आणि व्हिडिओ आरशात बघितल्यासारखे समजून घ्या.

२७. मधेच लोकरीत कारखान्याची गाठ आली. तशीच विणू?

तळव्यात तर अजिबात नको. गाठ कापा, दोन्ही बाजूंना १५ सेंमी टोक ठेवा आणि नव्या लोकरीने पुढचा टाका सुरू करा. शक्यतो हा जोड कडेला, सांध्याजवळ येईल इतकी लोकर उसवून घ्या. टोकं लपवण्याची रीत प्रश्न २० मध्ये आहे.